आमच्या पटावर हॅनिबल दर वेळी हरतो, काय चुकतंय?

(मागच्या अंकात आपण प्राचीन आणि मध्ययुगीन लढाया छोट्या सैनिकांच्या पटावर, फासे टाकून कशा खेळतात यावर दोन पानं दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतली ही काही. दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला होता, ते एकत्र केलेत.)

प्रश्न : आम्ही चौघं मित्र दर रविवारी डीबीए खेळतो. कॅनीची लढाई (इ.स.पू. २१६, यात कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमनांना घेरून जिंकला होता) तीनदा लावून झाली. आमचा जो मित्र रोमनांकडून खेळतो तो सैन्य लांबलचक पसरून नदीला पाठ लावून बसतो, पुढे येतच नाही, वर म्हणतो मला माहितीये पुढे काय होणारे, मी कशाला मरायला जाऊ. हॅनिबल तिन्ही वेळा हरला. नियम चुकीचे आहेत की मित्र?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मित्र बिलकुल चुकीचा नाहीये, त्याच्या जागी मी असतो तर मीपण बसून राहिलो असतो. आणि नियमही तसे चुकीचे नाहीत, फक्त ते या लढाईसाठी लिहिलेले नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. डीबीए म्हणजे डी बेलिस अँटिक्विटाटिस, फिल बार्कर आणि त्यांच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने १९९० मध्ये काढलेले नियम. एका बाजूला फक्त १२ बेस, म्हणजे सैनिक चिकटवलेल्या पट्ट्या, एक पट्टी म्हणजे एक तुकडी. आपल्या पाळीला एक फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढेच बेस किंवा बेसचे गट हलवता येतात, म्हणजे १ पडला की सेनापती ओरडतोय आणि कुणी ऐकत नाहीये. भिडल्यावर दोघांनी एकेक फासा टाकून आपापल्या तुकडीचा आकडा त्यात मिळवायचा, ज्याची बेरीज कमी तो मागे सरकतो, निम्मी किंवा त्याहून कमी आली तर तुकडी खलास. चार बेस गेले की हार. तासाभरात लढाई आटोपते, म्हणून तर आपण सगळे त्याच्या प्रेमात पडलो.

आता कॅनी बघा. प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की रोमनांचं पायदळ ऐंशी हजाराच्या आसपास, घोडदळ सहा हजार, आणि हॅनिबलकडे पायदळ चाळीस हजार पण घोडदळ दहा हजार. रोमनांनी आपली फळी नेहमीपेक्षा खूपच खोल लावली, रुंदी कमी आणि जाडी जास्त. शाळेत असल्यापासून आपण ऐकत आलोय की रोमनांचा सेनापती वारो मूर्ख होता. पण दोनच वर्षं आधी, इ.स.पू. २१८ मध्ये हॅनिबलविरुद्धच्याच ट्रेबियाच्या लढाईत, बाकी सगळी रोमन फौज बुडत असताना मधले दहा हजार लोक कार्थेजची फळी मधोमध फोडून आरपार बाहेर पडले होते! म्हणजे मधून घुसलं की हॅनिबलची फळी फुटते हे रोमनांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. यावेळी दुप्पट माणसं आणि दुप्पट जोर लावू, त्याचं घोडदळ बाजूला काय करायचं ते करेपर्यंत आपण मधून पार झालेलो असू, असा हिशोब. वाईट हिशोब नव्हता तो.

आणि तुमच्या नियमात या हिशोबाला काय किंमत आहे? शून्य. डीबीएत रोमन लिजन, म्हणजे त्यांचं मुख्य पायदळ, हे ‘ब्लेड’ (तलवारी पायदळ), आणि ब्लेडच्या मागे दुसरा ब्लेड उभा केला तर काहीही मिळत नाही. भाल्यांच्या खोल फळीला मिळतं, युरोपातल्या गॉल टोळ्यांच्या झुंडीला मिळतं, ब्लेडला नाही. मग कुठला शहाणा माणूस खोल फळी लावेल? वर मधे हॅनिबलने जे गॉल उभे केले होते ते तुम्ही ‘वॉरबँड’ (झुंडीने तुटून पडणारं पायदळ) म्हणून लावले असणार, आणि वॉरबँडने ब्लेडला नुसतं हरवलं तरी ब्लेड जागच्या जागी खलास होतो. म्हणजे जी फळी हळूहळू मागे वाकायला हवी, जिच्या वाकण्यावर सगळी लढाई उभी आहे, तीच तुमच्या पटावर रोमनांची कत्तल करत पुढे येते. तुमच्या मित्राने पुढे न येणं यात बुद्धी आहे, भित्रेपणा नाही.

तर करायचं काय. आधी १२ बेस सोडा आणि मोठी डीबीए घ्या, प्रत्येक बाजूला ३६. मग तीन घरगुती नियम घाला. एक, समोर तोंड करून लढणाऱ्या रोमन ब्लेडच्या मागे ब्लेड असेल तर अधिक १, पण बगलेत किंवा पाठीत शत्रू येऊन भिडला की हा अधिक १ गायब. दोन, गॉल आणि स्पॅनिश लोकांनी जिंकलं तरी ब्लेड मरणार नाही, बेरीज दुप्पट झाली तरच मरणार, आणि ते स्वतः हरले की मागे सरकणार. तीन, आणि हा महत्त्वाचा, वेळ मोजा. अमुक पाळीपर्यंत रोमनांचे चार बेस गॉल फळीच्या पलीकडे पोचले तर रोम जिंकला. पाळ्या किती ते एक-दोनदा खेळून तुमचं तुम्हीच ठरवा, टेबल किती मोठं आहे त्यावर आहे ते.

एवढं केलं की लढाई शर्यत होते. हॅनिबलच्या डाव्या बाजूला हास्द्रुबालचं जड घोडदळ रोमन घोडदळाला उडवून, मागून फिरून, पलीकडच्या आपल्याच न्यूमिडियन (उत्तर आफ्रिकेतल्या) स्वारांना मदत करून, मग रोमन पायदळाच्या पाठीत उतरेपर्यंत मधले गॉल टिकतात का? रोमन खेळाडूला आता पुढे यायला कारण मिळालं, आणि हॅनिबल खेळणाऱ्याला घाम फुटायलाही.

अजून एक उपाय, जरा लबाडीचा आहे पण चालतो. मागच्या वर्षी एका मित्राने मला घरी बोलावलं, टेबलावर नकाशा फिरवून ठेवलेला, नदी भलत्याच बाजूला, सैन्यांची नावं नाहीत, एकाला म्हणे ‘डोंगरातला राजा’ आणि एकाला ‘शहरातला राजा’. मी शहरातला. समोर मधेच पुढे आलेली अर्धगोल फळी, मी म्हणलं हा काय येडा आहे का, मधेच फुगवटा काढून ठेवलाय, फोडूया. फोडला पण. पाठीमागून घोडे आले तेव्हा वहिनी पोहे घेऊन आल्या होत्या आणि मी हातात बशी धरून नुसता बघत राहिलो. मित्र काही बोलला नाही, हळूच नदीवर ‘ऑफिडस’ (कॅनीजवळची नदी) लिहिलेली चिठ्ठी ठेवली. एवढी वर्षं कॅनीवर गप्पा ठोकणारा मी, तिथे जाऊन वारो झालो!

प्रश्न : एक बेस म्हणजे नक्की किती माणसं? नियमात कुठेच स्पष्ट सापडत नाही.
– वाचक, नाशिक

उत्तर : सापडणार नाही, कारण लढाईगणिक बदलतं. वरच्याच कॅनीत ऐंशी हजाराचे २४ बेस केले तर एका बेसमागे साधारण ३३०० माणसं. त्याच मापाने हॅनिबलचं दहा हजार घोडदळ म्हणजे जेमतेम तीन बेस, आणि ज्या घोडदळाने लढाई जिंकली त्याला तीन बेस देणं म्हणजे चेष्टाच. म्हणून नुसती डोकी मोजू नका, वजन मोजा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले माजी प्राध्यापक फिलिप सॅबिन यांनी ‘लॉस्ट बॅटल्स’ या पुस्तकात हेच केलंय, कसलेल्या सैनिकांच्या तुकडीत माणसं कमी धरायची आणि नवख्या भरतीच्या तुकडीत जास्त, म्हणजे दोन्ही तुकड्या पटावर एका तोलाच्या. त्यांच्या पद्धतीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की दुबळ्या बाजूला लढाई जिंकावीच लागत नाही, इतिहासात झाली त्यापेक्षा बरी कामगिरी केली तरी खेळ जिंकता येतो. पत्नीला हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली म्हणजे हरून पण जिंकायचं, तुमच्या सोयीचंच आहे की.

प्रश्न : झेलमच्या लढाईत मी कायम पोरसाकडून खेळतो (हट्टच आहे म्हणा). हत्ती पुढे ठेवले की ते मागे हटताना माझ्याच पायदळाला तुडवतात, मागे ठेवले तर उपयोग काय? पोरसाने पुढे का ठेवले मग?
– वाचक, बेळगाव

उत्तर : हट्ट चांगला आहे, सोडू नका.

पोरसाने हत्ती पुढे ठेवले ते सिकंदराच्या घोड्यांसाठी. सवय नसलेला घोडा हत्तीच्या अंगावर जात नाही, आणि पोरसाला हे पक्कं माहीत होतं की समोरच्याचं खरं हत्यार घोडदळ आहे. सिकंदराचा इतिहास लिहिणारा एरियन २०० हत्ती सांगतो आणि प्रत्येकात शंभर फुटांचं अंतर. आता हे जरा गुणून बघा, २०० गुणिले १०० फूट म्हणजे जवळजवळ सहा किलोमीटर लांब फळी! तीस हजार पायदळ एवढ्या लांबीवर पसरलं तर पापडासारखं पातळ होईल. दुसरा प्राचीन इतिहासकार डायोडोरस १३० हत्ती सांगतो, ते मला जास्त पचतं. त्यानेच फार छान उपमा दिलीय, हत्ती बुरुजांसारखे दिसत होते आणि मधले सैनिक तटबंदीसारखे. दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला हे चित्र लगेच डोळ्यासमोर येतं.

आणि तुमचं उत्तर याच उपमेत आहे. बुरूज आणि तट एका ओळीत असतात, तट बुरुजाच्या मागे नसतो. हत्ती एक सोडून एक ठेवा, मधल्या जागेत पायदळ, आणि हत्तीच्या बरोब्बर मागची जागा मोकळी. बेस मागे सरकतो तो सरळ मागे, तिथे कुणी नसेल तर कुणी मरत नाही. धनुर्धारी त्यामागे, मोकळ्या पट्ट्या सोडून. तुम्ही बहुतेक हत्तीच्या पाठीला चिकटवून पायदळ लावताय, फोटो पाठवला असता तर खात्रीने सांगितलं असतं.

बाकी हत्तींनी आपल्याच लोकांना तुडवणं हा नियमाचा दोष समजू नका, झेलमला तेच झालं. हलक्या भालेफेक्यांनी माहुतांना टिपलं, दोन्हीकडून दाबत आणल्यावर हत्तींना वळायला जागा उरली नाही आणि मग समोर दिसेल तो, आपला काय नि परका काय. बऱ्याच नियमांत हलकं पायदळ हत्तीला थेट मारू शकतं ते यामुळेच. सिकंदराकडून कुणी शहाणा खेळत असेल तर तो फॅलँक्स (लांब भाल्यांचं दाट पायदळ) मागे ठेवेल आणि हलके लोक पुढे सोडेल, तेव्हा त्यांच्या अंगावर घालायला तुमचं थोडं घोडदळ हाताशी ठेवा. सगळं घोडदळ एकाच बाजूला ओढू नका. पोरसाने उजवीकडचं घोडदळ डावीकडे आणलं आणि सिकंदराचा सरदार कोइनस मागून फिरून आला.

रथांच्या फार नादी लागू नका. रात्रभर पाऊस पडला होता आणि प्राचीन रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो की रथ चिखलात रुतले. पटावर रथांना निम्मी चाल द्या. धनुष्यांनाही पहिल्या दोन पाळ्या वजा १ द्या असं मी म्हणेन, हिंदुस्थानी धनुष्य माणसाच्या उंचीचं होतं, एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढायचे, आता ओल्या जमिनीवर ते कसं टेकणार? समोरच्या तळावरचा सिकंदराचा सरदार क्रेटेरस मात्र विसरू नका. तो नदीपलीकडे बसून होता म्हणूनच पोरसाला थोडी फौज आणि काही हत्ती तिथे अडकवावे लागले. तुमचे हत्तीचे एक-दोन बेस सुरुवातीला पटाबाहेर ठेवा, हे बोचेल पण तसंच होतं.

प्रश्न : पानिपत लावायचं आहे. डीबीएत बसेल का?
– वाचक, सोलापूर

उत्तर : कुठलं पानिपत? आपल्याकडे पानिपत म्हटलं की १७६१च, पण ते या नियमांत बसत नाही, तोफा-बंदुका-गारदी आले की वेगळेच नियम लागतात. १५२६ चं बाबर विरुद्ध इब्राहिम लोदी मात्र अगदी काठावर बसतं, थोडं ओढूनताणून. त्यात गंमत आहे म्हणून हेही सांगतो.

बाबर स्वतःच लिहून गेलाय, त्याने सातशे गाडे कातड्याच्या दोरांनी बांधून समोर लावले, उजवीकडे पानिपत गाव, डावीकडे खंदक आणि झाडांच्या फांद्या, आणि गाड्यांमधे शंभर-दोनशे स्वार बाहेर पडतील अशा फटी. आपली माणसं बारा हजार सांगतो, लोदीची लाखभर आणि हत्ती हजार, हा त्याचाच अंदाज आहे, जिंकणाऱ्याचा, तेव्हा जरा जपूनच घ्या. पण इथेही तुमच्या मित्रमंडळींत तोच घोळ होणार, लोदी खेळणारा म्हणेल मी गाड्यांवर कशाला जाऊ. मग दोघं समोरासमोर बसून चहा पिणार. बाबर आणि लोदी तसेच बसले होते, जवळजवळ आठवडाभर!

लोदी शेवटी बाहेर का पडला? बाबराने रात्री चार-पाच हजार स्वारांचा छापा घातला होता आणि तो पार फसला. मला वाटतं त्याने लोदीच्या छावणीत हुरूप आला, हे तर काही करूच शकत नाहीत असं वाटलं असणार. म्हणून खेळ या छाप्यापासून सुरू करा. बाबर खेळणाऱ्याने फासा टाकायचा, छापा फसला तर लोदीला पहिल्या तीन पाळ्यांत प्रत्येकी दोन जादा चाली, पण त्या वापरायच्या फक्त पुढे जायला. फुकट मिळालेल्या चाली कुणी सोडत नाही, बघा करून.

आणि गाडे दिसल्यावर काय झालं तेही खेळात आणा. लोदीचं सैन्य दौडत आलं, गाडे बघून पुढचे थबकले, थांबावं की जावं, आणि मागचे येतच राहिले. नियम असा करा की गाड्यांपासून दोन बेस अंतरावर आलेल्या प्रत्येक बेसने फासा टाकायचा, १-२-३ आला की जागीच उभा, आणि मागचा बेस येऊन टेकला की दोघांनाही वजा १. तोवर बाबराच्या दोन्ही टोकांच्या तुलुगमाच्या तुकड्या वळसा घालून मागे. दुपारपर्यंत संपली ती लढाई. तोफांना मी फार आकडे देणार नाही, त्यांचा आवाजच जास्त, पण यावर माझ्याशी भांडायला येणारे आहेत हे मला ठाऊक आहे, या.

प्रश्न : अ‍ॅजिनकोर्टला (१४१५) इंग्रज लाँगबो (माणसाएवढी लांब धनुष्यं) काहीच करत नाहीत, फ्रेंच शूर सरदार चालत येऊन धनुर्धाऱ्यांना कापून काढतात. बाणांचा आकडा वाढवू का?
– वाचक, ठाणे

उत्तर : नको. चिखल वाढवा. नुकतंच नांगरलेलं शेत, रात्रभर पाऊस, आणि दोन्ही बाजूला रान. अंगावर पोलादी चिलखत घालून त्यातून चालत जायचं, आपल्याकडे जुलैत काळ्या रानात चप्पल घालून गेलेल्या माणसाला विचारा. सगळं मधलं मैदान बिकट जमीन धरा आणि पुढे जाताना फ्रेंच बेस एकमेकांना टेकले तर त्यांचा आकडा एकाने उतरवा, शिवाय इंग्रज धनुर्धाऱ्यांपुढे टोकदार खुंट होते ते विसरू नका. फ्रेंच खेळणारा शिव्या देईल.

प्रश्न : मिनिएचर फार महाग पडतात, परदेशातून मागवायची तर अजूनच. मुलगा म्हणतो दिवाळीचे मावळे वापरूया. चालेल का? आणि एकट्याने खेळता येतं का, इथे कुणीच खेळणारं नाही.
– वाचक, चंद्रपूर

उत्तर : मावळे वापरले तर मलाच बघायला यायला आवडेल, पण एक मावळा तीन बेस खाईल आणि मातीचे असल्याने पहिल्याच हल्ल्यात मुंडकं जाईल. आणि मावळ्याला रोमन म्हणायचं तर घरात वाद होणार.

पुठ्ठा घ्या. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा सगळ्यात उत्तम, आपल्याकडे त्याचा तुटवडा नाही. १५ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी बेसची रुंदी ४० मिलिमीटर असते, तेवढ्याच पट्ट्या कापा, दाट पायदळाची खोली १५ ठेवा, सरदारांच्या घोड्यांची ३०, हत्तीची ४०. वर स्केचपेनने चित्र काढा किंवा नुसतं ‘भाले’, ‘घोडे’, ‘हत्ती’ लिहा, सेनापतीच्या बेसला टिकली लावा. टेबलावर हिरवी किंवा खाकी चादर, टेकडी हवी तर चादरीखाली वही, नदीला निळी रिबन. मी पहिली दोन वर्षं असाच खेळलो. रंगवलेले सैनिक नंतर आले, आणि ते आल्यावर घरात जागेवरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

एकट्याने जरूर खेळता येतं. सोपं म्हणजे दोन्ही बाजूंकडून प्रामाणिकपणे खेळायचं आणि चालींचा फासा लबाडी करू देत नाही. फाशाऐवजी पत्त्यांवर चालणारे नियमही आहेत, ‘टू द स्ट्राँगेस्ट’ नावाचे, चौकोनांच्या पटावर, तुकडी हलवायला पान ओढायचं आणि त्याच तुकडीला त्याच पाळीत परत हलवायचं तर पुढचं पान आधीच्यापेक्षा लहान येऊन चालत नाही. एकट्याला हे मस्त, कारण पुढे काय होणार ते तुम्हालाही माहीत नसतं. मोजपट्टी लागत नाही हा अजून एक फायदा.

पट्ट्या कापताना एकच सांगतो, दोन्ही सैन्यांच्या एकदमच कापा आणि एकाच पट्टीने मोजा. माझ्या पहिल्या कार्थेजचे बेस ३८ मिलिमीटर निघाले होते, आठ बेस एका रांगेत लावले की दीड सेंटिमीटरहून जास्त फरक पडायचा आणि रोमनांना फुकटात बगल मिळायची, हे कळायला मला तीन महिने लागले.